पालवी फुटली म्हणजे झाड जगले असे नव्हे

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पर्वरी येथे उभारल्या जाणाऱ्या उड्डाणपुलाच्या वाटेत श्री देव खाप्रेश्वराचे स्थान आणि त्याच्या सावलीचा जुना वटवृक्ष येत होता. २०२५ च्या मार्च महिन्यात देवाची मूर्ती व वृक्ष हे दोन्ही तेथून हलविण्यात आले, तेव्हा गोव्यात मोठा क्षोभ उसळला. ग्रामस्थ आणि भाविक रस्त्यावर उतरले, पोलीस बंदोबस्त लावावा लागला, आणि श्रद्धा विरुद्ध विकास असा वाद काही दिवस रंगला. त्या गदारोळात एक शब्द मात्र फारशी चर्चा न होता सर्वांच्या तोंडी बसला. तो शब्द म्हणजे ‘पुनर्रोपण’. झाड तोडलेले नाही, हलविले आहे, असे सांगितले की निम्मा विरोध मावळतो. यापुढे राज्यात जेथे जेथे रस्ता रुंद होईल, पूल उभा राहील किंवा वसाहत वाढेल, तेथे हाच शब्द पुन्हा ऐकू येणार आहे.

म्हणून त्या शब्दात नेमके कोणते उत्तरदायित्व सामावलेले आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. यंत्राने उचललेले झाड दुसऱ्या खड्ड्यात उभे केले की पुनर्रोपण पुरे झाले, असा समज शासकीय कागदपत्रांत आणि छायाचित्रांत दिसतो. वास्तविक त्या दिवशी झाडाची खरी परीक्षा सुरू होते आणि ती अनेक वर्षे चालते. झाड जगेल का, हा तिचा पहिला भाग; जगले तरी पावसाळी वाऱ्यात उभे राहील का, हा दुसरा. दुसऱ्या भागाकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही.

दिल्लीचा धडा

पुनर्रोपणाला धोरणाचे रूप देणारे पहिले मोठे शहर दिल्ली. तेथील सरकारने २०२० मध्ये वृक्ष पुनर्रोपण धोरण आणले. प्रकल्पामुळे बाधित होणाऱ्या झाडांपैकी किमान ८० टक्के झाडे हलविली जावीत आणि हलविलेल्यांपैकी किमान ८० टक्के एका वर्षानंतर जिवंत असावीत, असे त्याचे उद्दिष्ट होते. कागदावर ते आकर्षकच होते. परंतु २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे खुद्द सरकारनेच जी माहिती ठेवली, तिच्यानुसार त्याआधीच्या तीन वर्षांत हलविलेल्या १६,४६१ झाडांपैकी केवळ ५,४८७ जगली होती. म्हणजे तीनांतले एक.

या आकड्यांचा अर्थ पुनर्रोपण अशक्य आहे असा होत नाही. शास्त्रशुद्ध रीतीने केलेले पुनर्रोपण यशस्वी होते, याची उदाहरणे जगभर आहेत. परंतु मोठ्या संख्येने, घाईने आणि ठेकेदारीच्या हिशोबाने केलेले पुनर्रोपण बहुतेक वेळा लांबलेली वृक्षतोड ठरते. झाड एका दिवसात पडण्याऐवजी दोन वर्षांत वाळते, आणि तोपर्यंत बातमी जुनी झालेली असते.

जमिनीखालचे गणित

मोठे झाड हलविणे एवढे अवघड का, याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात आहे. झाडाची मुळे खोडाखाली सरळ पाताळात जातात, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वृक्षांची बहुसंख्य मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे एक मीटर थरात असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे जातात. त्यातही पाणी शोषण्याचे काम जाड मुळे करीत नाहीत. ते करतात टोकाकडची केसासारखी बारीक तंतुमुळे. झाड खणून काढताना नेमकी हीच टोके मागे राहतात. रोपवाटिकेतील झाड नेहमीच्या पद्धतीने काढले, तरी त्याच्या मुळांच्या पसाऱ्यापैकी ९५ टक्क्यांपर्यंत भाग तुटू शकतो, असे वृक्षशास्त्राचे अभ्यासक सांगतात.

तोटा कमी व्हावा म्हणून मुळांभोवतीची माती न फोडता झाड काढावे लागते. मातीच्या या गोळ्याला बागायतदार ‘हुंडी’ म्हणतात. खोडाच्या व्यासाच्या दहा ते बारा पट व्यासाची हुंडी असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. खोड ३० सेंटिमीटर जाडीचे असेल तर हुंडी तीन मीटरहून अधिक रुंद हवी. तिचे वजनच नऊ-दहा टन भरते. खोड एक मीटर जाडीचे असेल तर दहा मीटर रुंदीची हुंडी लागेल आणि ओल्या मातीसह ती सव्वाशे टनांहून जड होईल. जुन्या वडाचे खोड याहून कितीतरी जाड असते. एवढा भार उचलून रस्त्याने नेणे बहुधा शक्य नसते. म्हणून प्रत्यक्षात हुंडी दोन-तीन मीटरवर आणली जाते, फांद्या जवळजवळ सगळ्या छाटल्या जातात आणि ट्रेलरवर चढते ते झाड नसून झाडाचा ओंडका असतो. त्या ओंडक्यात जीव असतो हे खरे. पण नव्या जागी त्याला जवळपास शून्यातून संसार मांडायचा असतो.

या मर्यादेवर एक उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. झाड हलविण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी त्याच्याभोवती टप्प्याटप्प्याने चर खणायचा. आधी अर्ध्या परिघावरची मुळे स्वच्छ कापायची, काही महिन्यांनी उरलेल्या. कापलेल्या टोकांजवळ नवी तंतुमुळे फुटतात आणि ती हुंडीच्या आतच असल्याने झाडाबरोबर प्रवास करतात. या उपायाला पैसा फारसा लागत नाही, वेळ मात्र लागतो. महामार्गाचा आराखडा कित्येक वर्षे आधी तयार असतो, भूसंपादन होते, निविदा निघतात. तरीही झाडाची आठवण होते ती यंत्रे दारात उभी राहिल्यावर. त्यात कामाचे वेळापत्रक झाडाच्या सोयीचे नसून रस्त्याच्या सोयीचे असते. पाऊस थांबल्यावर रस्त्याची कामे वेग घेतात आणि झाडे हलविण्याची पाळी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येते. मुळे तुटलेल्या झाडापुढे लगेच कडक उन्हाळा उभा ठाकतो. याहून प्रतिकूल मुहूर्त शोधूनही सापडणार नाही.

पालवीचा चकवा

पुनर्रोपणानंतर काही आठवड्यांत ओंडक्यावर कोवळी पाने दिसू लागतात. छायाचित्रे प्रसिद्ध होतात, अधिकारी समाधान व्यक्त करतात आणि प्रकल्प यशस्वी झाल्याचे जाहीर होते. परंतु ही पालवी फसवी असू शकते. मोठ्या खोडात आणि जाड मुळांत झाडाने वर्षानुवर्षे साठविलेला अन्नसाठा असतो. मुळे नसली तरी त्या शिदोरीवर झाड पाने फोडू शकते. तोडून टाकलेल्या पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या फांदीलाही पाने येतात, हे खेड्यातले लहान मूलही जाणते.

शिदोरी संपण्यापूर्वी पानांनी नवे अन्न तयार करून मुळांना पोचविले आणि मुळांनी हुंडीबाहेरच्या मातीत शिरकाव केला, तरच झाड तगते. ते झाले नाही तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडे वाळू लागतात, साल सुटते, वाळवी आणि बुरशी शिरते. म्हणूनच एका वर्षाने केलेली मोजणी अपुरी ठरते. थंड प्रदेशात खोडाच्या प्रत्येक इंच व्यासामागे मुळांचा पसारा पूर्ववत व्हायला सुमारे एक वर्ष लागते, तर उष्ण व दमट हवेत तीन-चार महिने, असा वृक्षतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. तो लहान-मध्यम झाडांवरून बांधलेला आहे. तरी गोव्यासारख्या उबदार प्रदेशात फूटभर जाडीच्या झाडाला स्थिरावण्यास तीन-चार वर्षे लागतील, असा त्याचा अर्थ निघतो. जुन्या वडाच्या बाबतीत हा काळ दशकाच्या पुढे जातो.

फांद्यांची सरसकट छाटणीही याच कारणाने घातक ठरते. मुळे कमी झाली म्हणून पानेही कमी करावीत, हा तर्क वरवर पटतो. पण पाने हीच झाडाची चूल आहे. ती पूर्ण विझविली तर मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न येणार कोठून? वाळलेल्या, मोडक्या, वाहतुकीत अडणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि उरलेला डोलारा शक्य तितका राखावा, हा आजच्या शास्त्राचा कल आहे.

उभे राहण्याचा प्रश्न

झाड जगले तरी ते पक्के उभे आहे असे मानता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा शेकडो झाडे रस्त्यांवर, घरांवर आणि वीजवाहिन्यांवर कोसळली. ती आपापल्या जागी रुजलेली झाडे होती. ज्याची आडवी मुळेच कापलेली आहेत, ते झाड वाऱ्यापुढे किती टिकेल, याचा विचार त्या अनुभवानंतर तरी व्हायला हवा. हलविलेले झाड बहुधा रस्त्याच्या कडेला, उद्यानात किंवा शाळेच्या आवारात लावले जाते. तेथे माणसांचा राबता असतो.

गोव्याच्या पठारांवर अडचण अधिक आहे. जांभ्याच्या चिऱ्यावर मातीचा थर बेताचाच असतो. यंत्राने त्या कातळात खड्डा खोदला, झाड उतरविले आणि भोवती माती लोटली, तर तो खड्डा पावसाळ्यात विहिरीसारखा भरतो. राज्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. भोवतीची भराव-माती चिखल होते आणि झाड एका बाजूला कलते. शिवाय कातळाच्या गुळगुळीत भिंतीला टेकलेली मुळे बाहेर न जाता खड्ड्यातच गोल फिरू लागतात. बाहेरून हिरवे दिसणारे असे झाड वस्तुतः कुंडीतले झाड असते.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. खड्डा हुंडीच्या दोन-तीन पट रुंद, परंतु हुंडीहून खोल नसलेला हवा. तळची माती न उकरलेली, घट्ट असावी, म्हणजे झाड पुढे खचत नाही. बुंध्यापाशी मुळे जेथे फाकतात तो भाग जमिनीच्या पातळीला दिसत राहिला पाहिजे. झाड पक्के बसावे म्हणून ते जास्त खोल पुरणे ही सर्वत्र दिसणारी चूक असून तिने झाड गुदमरते. कातळात खड्ड्यातून पाणी निघून जाण्यासाठी उताराच्या दिशेने चर काढावा लागतो. भराव घालताना पोकळ्या राहू नयेत म्हणून पाणी सोडत माती बसवावी लागते. यंत्राच्या चाकाखाली ती चेपणे मात्र टाळले पाहिजे.

माती चेपण्याचा अपाय किती मोठा असतो, हे १९८७ च्या ऑक्टोबरमधील वादळाने इंग्लंडमध्ये दाखवून दिले. लंडनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानातला ‘टर्नर्स ओक’ हा जुना वृक्ष त्या वादळात मुळांसह उचलला गेला आणि पुन्हा तेथेच बसला. त्याला आधार देऊन ठेवण्यात आले. आधीच खंगत चाललेला तो वृक्ष पुढच्या काही वर्षांत टवटवीत झाला. पर्यटकांच्या पावलांनी वर्षानुवर्षे दाबली गेलेली मुळांभोवतीची माती वादळाने सैल केली होती. तेव्हापासून मुळांभोवतीची माती मोकळी राखण्याकडे तेथील वृक्षतज्ज्ञ कटाक्षाने पाहू लागले. गोव्यात मात्र हलविलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती लगेच सिमेंटचा पार बांधण्याची हौस दिसते. श्रद्धेने बांधलेला पार झाडाला गळफास ठरू शकतो.

झाड स्वतःच्या मुळांवर उभे राहीपर्यंत त्याला तणावे द्यावे लागतात. ते एकाच बाजूला बांधून भागत नाही. तीन किंवा चार दिशांना, सारख्या अंतरावर, जमिनीत पक्क्या गाडलेल्या खुंट्यांना ते बांधायचे असतात. खोडाभोवती उघडी तार न आवळता रुंद पट्टा वापरावा लागतो, नाहीतर साल कापली जाऊन अन्नरसाची वाटच बंद होते. तणावे इतके ताठही नसावेत की झाड हलूच नये. वाऱ्याने होणाऱ्या किंचित हालचालीमुळे खोड जाड होते आणि मुळांना बळ येते. झाड स्थिरावले की तणावे काढले पाहिजेत. ते विसरले गेले तर पट्टा खोडात रुततो. म्हणजे एकदा बांधून निघून जाण्याचे हे काम नव्हे. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कोणीतरी जाणकाराने येऊन पट्टे सैल-घट्ट करणे, बुंध्याभोवती माती भेगाळली आहे का, वाऱ्यात हुंडी उचलली जाते का, हे पाहणे आवश्यक असते. हुंडीच्या कडेला हाताने थोडी माती उकरली की नवी मुळे बाहेर पडली आहेत की नाही तेही कळते. पाने मोजण्यापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

पाण्याचेही तसेच. टँकर येतो, आळे भरतो आणि जातो. पण पहिल्या वर्षी झाड जे पाणी पिते ते हुंडीतूनच. भोवतालची जमीन ओली आणि हुंडी मात्र कोरडी, असे सर्रास घडते. थोडे पण नियमित पाणी हुंडीच्या गाभ्यापर्यंत पोचले पाहिजे. वर पालापाचोळ्याचे बोटा-दोन बोटांचे आच्छादन असावे आणि ते खोडाला चिकटलेले नसावे. ऑक्टोबर ते मे हे कोरडे महिने असे तीन वर्षे तरी निभवावे लागतात.

वड आणि इतर

कोणते झाड हलवावे, हाही विवेकाचा प्रश्न आहे. वड, पिंपळ आणि त्यांच्या कुळातले वृक्ष छाटलेल्या फांदीपासूनही रुजतात. त्यांच्या बाबतीत आशा बाळगता येते. आंबा, फणस, काजू, जांभूळ यांची मोठी झाडे हलविण्यास फार नाजूक असतात. माडाची रचनाच निराळी: त्याची मुळे बुंध्याच्या तळातून नव्याने फुटत राहतात, त्यामुळे तुलनेने लहान हुंडीसहही तो हलविता येतो. या सर्वांना एकच दर आणि एकच पद्धत लावणारी निविदा म्हणजे अपयशाची पूर्वतयारी होय.

वडाला तर निसर्गाने पारंब्यांचे वरदान दिले आहे. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. तरीही तो वृक्ष आज आपल्या पारंब्यांवर उभा आहे. स्थलांतरित वडाच्या पारंब्या मातीने भरलेल्या बांबूच्या नळीतून जमिनीपर्यंत उतरविल्या, तर काही वर्षांत त्याच त्याचे खांब होतात. त्यासाठी मात्र फांद्या उरल्या पाहिजेत आणि लोंबणाऱ्या पारंब्या कोणी तोडता कामा नयेत.

कायदा कोठे थांबतो

गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. शेजारच्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये नागरी भागातील आपल्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला आणि भरपाईदाखल लावलेल्या झाडांची सात वर्षे निगा राखण्याची तरतूद केली. त्या तरतुदीची अंमलबजावणी कितपत होते हा वेगळा विषय. पण झाडाची जबाबदारी महिन्यांत न मोजता वर्षांत मोजायची, हे तत्त्व तिने मान्य केले. पुनर्रोपणाला हेच तत्त्व अधिक कठोरपणे लावायला हवे.

त्यासाठी नव्या संस्था नकोत. परवानगीच्या अटी बदलल्या तरी पुरे. आराखड्याच्या टप्प्यावरच बाधित झाडांची जात, आकार व प्रकृतीनिहाय यादी व्हावी आणि कोणते झाड जागीच राखायचे, कोणते हलवायचे, कोणते हलवून जगणारच नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. हलवायच्या झाडांची मुळे आदल्या वर्षीच तयार केल्याविना परवानगीच मिळू नये. नवी जागा ठरविताना मातीची खोली, पाण्याची सोय आणि पुढील रस्तारुंदीकरण तपासले जावे. ठेकेदाराची मोठी रक्कम किमान पाच वर्षे राखून ठेवावी आणि दर पावसाळ्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाने झाडाची स्थिरता तपासल्यावर ती टप्प्याटप्प्याने द्यावी. प्रत्येक झाडाला क्रमांक असावा आणि त्याची नोंद कोणाही नागरिकाला पाहता यावी. आज झाड वाळले तर त्याचा जाब विचारायचा कोणाला, हेच नागरिकाला कळत नाही.

या अटींचा खर्च हिशोबात धरला की आणखी एक गोष्ट घडेल. अनेक ठिकाणी रस्त्याचे वळण चार मीटर बदलणे हे झाड हलविण्यापेक्षा स्वस्त असल्याचे दिसून येईल. हैदराबादजवळच्या चेवेल्ला मार्गावरील सुमारे नऊशे वडांसाठी नागरिकांनी कित्येक वर्षे दिलेला आणि राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला लढा याच मागणीसाठी होता: आधी झाडे मोजा, मग रस्ता आखा. पुनर्रोपण स्वस्त आणि सोपे भासते तोवर हा पर्याय कोणी गंभीरपणे पाहणार नाही.

गोमंतकात वडापिंपळाखाली राखणदाराचे स्थान असते. वाटसरूंची आणि गावाची राखण तो करतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्याचे झाड हलविण्याचा निर्णय जेव्हा शासन घेते, तेव्हा राखणीचे काम शासनाकडे येते. ते काम क्रेन परत गेल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि झाड कोणत्याही आधाराविना सलग काही पावसाळे उभे राहिल्यावरच संपते. तेवढी तयारी नसेल, तर परवानगीच्या कागदावर ‘पुनर्रोपण’ असे न लिहिता ‘वृक्षतोड’ असे लिहावे आणि तिची किंमत उघडपणे मोजावी.